दादाच्या नावाचे बारा ग्लास

चहा ओता, मग सांगतो. माणसाची चूक लोकांच्या तोंडी फार तर दोन दिवस राहते, मग विसरतात. माझी चूक स्टीलवर कोरलेली आहे. आमच्या अंबरपेठपासून नांदेडपर्यंत घराघरांत ती मांडणीवर उभी आहे, आणि पाहुणे आले की तिच्यातून पाणी देतात. आता असली चूक पुसायची कशी?

सुरुवात हत्तीपासून झाली.

आमच्या घरात काचेचे सहा ग्लास होते, प्रत्येकावर रंगीत हत्ती. माझी पुतणी मिनू, दुसरीत आहे, ती रोज त्यातून दूध प्यायची आणि पिता पिता दातांनी काठ खरवडायची. एक दिवस वहिनीने बघितलं तर हत्तीला सोंड नाही. दुसऱ्याला कान नाहीत. म्हणजे आमच्या पोरीने महिन्याभरात अर्धा हत्ती खाल्ला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असल्या स्वस्त रंगात शिसं असू शकतं, ते मुलांना वाईट, ग्लास बदला. दादा म्हणाला, "रविवारी आणू. बिनरंगाचे, आणि आपल्याच देशात बनलेले."

तो रविवार आलाच नाही. दादा गुरुवारी गेला. दुकानात काम करत होता, उभ्या उभ्या. मी एवढंच सांगतो, कारण हा किस्सा ग्लासांचा आहे.

घरात आता मी, वहिनी आणि मिनू. आईबाबा आधीच गेलेले. मी रिक्षा चालवतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत मराठीत झाली, मग तेलुगू शाळेत घातलं, तिथून मी पळालो. पळालो तो पळालोच. वाचायचं काम घरात दादाचं होतं. रिक्षाचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं तो वाचायचा आणि मला सांगायचा. मी फक्त मान हलवायचो. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

वहिनीचे वडील, तात्या, नांदेडला असतात. दादा गेला तेव्हाच ते म्हणाले होते, "पोरगी आणि नात मी घेऊन जातो. हा पोरगा स्वतःला सांभाळेल तर पुष्कळ झालं." वहिनी म्हणाली, महिन्याचं होऊ द्या, मग बघू.

म्हणजे माझ्याकडे एक महिना होता. मी ठरवलं, तात्यांना दाखवायचं की या घराला माणूस आहे. दूध आणलं, गॅस आणला, मिनूला शाळेत सोडलं, नळाची तोटी बदलली. तोटीतून अजून गळतं, पण बदलली. आणि महिन्याच्या जेवणाला दोन दिवस राहिले तेव्हा वहिनी म्हणाली, "भावजी, ते ग्लासांचं राहिलंच. मिनू ऐकत नाही, अजून हत्तीच चाटते. तुम्ही आणाल का सहा?"

मी उभा राहिलो. शर्टसुद्धा घातला नव्हता, तरी निघालो. परत येऊन घातला.

आबिड्सच्या बाजारात काचेच्या दुकानात गेलो. सेल्समन म्हणाला, "क्या होना भाई?"

"ग्लास. रंग नक्को. इंडिया का होना."

त्याने सोनेरी काठाचे काढले. मी रिक्षाच्या किल्लीने काठ खरवडून बघितला. सोनं किल्लीला आलं.

"ये क्या करे भाई?"

"टेस्ट."

"टेस्ट घर में जाको करते. इधर नहीं करते."

मी ग्लास उलटा केला. खाली परदेशी अक्षरांचं स्टिकर. मी बोट ठेवलं. तो म्हणाला, "स्टिकर बाहर का है. ग्लास इंडिया का है." मी ग्लास परत ठेवला.

साधे, बिनरंगाचे काचेचेही होते, आपल्याकडचेच, चांगले जाड. पण मिनू महिन्याला दोन तरी फोडते. घरात आता काही फुटलेलं मला नको होतं. म्हणून बाहेर पडलो आणि शेजारच्या गल्लीत स्टीलच्या दुकानात गेलो.

रिक्षा स्टँडवरच्या यादगिरीने सांगून ठेवलं होतं, चुंबक चिकटलं की स्टील खोटं. मी जुन्या स्पीकरचं चुंबक खिशात घेऊनच गेलो होतो. एकेका ग्लासला लावून बघायला लागलो. दुकानाचा शेठ थोडा वेळ बघत राहिला.

"चुंबक से शादी करते क्या भाई? उससे पूरा समझता नहीं. इधर देखो, नीचे नंबर है."

आकडे मला येतात. तळाला तीनशे चार ठोकलेलं होतं. शेठ म्हणाला, हे खाण्यापिण्याचं स्टील, इथेच बनतं, रंग नाही, मुलामा नाही, पोराने चावलं तर दात तुटेल पण ग्लास राहील. मला पटलं. मिनूसाठीच बनवलेला माल होता तो.

मग त्याची नजर माझ्या डोक्याकडे गेली. डोक्यावर तांदळाएवढे केस उगवले होते.

"तिरुपती जाको आए?"

"नहीं. बड़े भाई गुजर गए. महीना हो रहा. परसों खाना है."

आता मला हे सांगायची काय गरज होती? पण त्या महिन्यात मला कुणी काहीही विचारलं तरी मी हेच सांगत होतो. पेट्रोल पंपावर पोराने "कितने का?" विचारलं तेव्हासुद्धा मी आधी हे सांगितलं होतं.

शेठने रेडिओ बंद केला. "कितने ग्लास होना?"

"छह."

"छह में क्या होता? खाने कू कितने लोगां आते?"

मी मोजले. बारा.

"तो बारा लेको जाओ. ऐसे काम में कम नक्को पड़ना."

मला वाटलं, माणूस मनाचा मोठा आहे, जेवताना पाण्याला ग्लास कमी पडू नयेत याची काळजी करतोय. मी बारा घेतले.

"नाम डालते?"

आमच्याकडे भांड्यावर नाव असतंच. लग्नाकार्यात भांडी शेजारी जातात, नाव असलं की परत येतात. आईच्या सगळ्या भांड्यांवर बाबांचं नाव आहे, खाली घेतल्याची तारीख. माझ्या मनात आलं, दादाचं घालू. वहिनी रोज बघेल, तात्यांनाही दिसेल की हे घर अजून दादाचंच आहे.

"हौ. भैया का डालो. विलास."

शेठने चिठ्ठीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. "पढ़ लो. सही है ना?"

तेलुगू. दोन ओळी, सगळ्या जिलब्या. एका नावाला दोन ओळी कशा, हा प्रश्न दुसऱ्या कुणालाही पडला असता. मी मात्र वाचणारा माणूस जितका वेळ बघतो तितका वेळ बघितलं. शेवटी भुवई जरा वर केली. दादा करायचा तशी.

"बरोबर," म्हणालो.

नाव कोरणारा म्हातारा दाराशी बसला होता, विजेचा पेन घेऊन. चिठ्ठी बघून त्याने एवढंच विचारलं, "तारीख?"

मी आईची भांडी आठवली आणि आजची सांगितली. त्याने माझ्याकडे जरा दयेने बघितलं. भाऊ आजच गेला, आणि हा माणूस लगेच भांडी घ्यायला आला, असं त्याला वाटलं असणार. पण ते मला आत्ता कळतंय.

घरी वहिनीने कागद सोडला. ग्लास उलटसुलट बघितला, नखाने खरवडला, काही निघालं नाही. "छान आणलेत, भावजी." मग तिचं बोट कोरलेल्या जागेवर थांबलं. ती नांदेडची, तिलाही तेलुगू येत नाही. "हे काय लिहिलंय?"

"दादाचं नाव."

 सगळे बारा तिने दोनदा धुतले. मी रिक्षात जाऊन बसलो. उगाच.

जेवणाच्या दिवशी बरोबर बारा माणसं आली. तात्या, वहिनीचा भाऊ, माझी आत्या आणि तिचे दोघे मुलगे, बाकी दादाच्या दुकानातले. पंगत बसली. मी स्वतः पाणी वाढलं, तात्यांना पहिलं. तात्यांनी ग्लास हातात घेऊन वजन बघितलं. मी मनात म्हटलं, बघा तात्या, बघा.

तेवढ्यात मिनू त्यांच्या मांडीवर येऊन बसली. शाळेत तिला तेलुगू शिकवतात, आणि तिची वाचायची खोड अशी की दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाही. तिने बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"स्व... र्गी... य... वि... ला... स. आजोबा, बाबांचं नाव आहे. ज्ञा... प... का... र्थ... म्."

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. ते मी तसंच धरून ठेवलं.

"काका, ज्ञापकार्थम् म्हणजे?"

आत्या जन्मभर अंबरपेठेत राहिलेली. ती घास गिळून म्हणाली, "स्मरणार्थ."

सगळ्यांनी आपापले ग्लास वर उचलून बघितले. आत्याच्या थोरल्याने डोळे बारीक केले. "आणि ही तारीख? ही तर परवाची आहे."

"विलासला जाऊन महिना झाला," आत्या म्हणाली. "मग परवा कोण गेलं?"

 मी म्हणालो, "वरण घ्या." कुणी घेतलं नाही.

मला वाटलं, आता संपलं. पण तात्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "तारखेचं सोडा. कोरणाऱ्याने चुकवली असेल. पोराला शाळा नाही, पण रीत कळते. भावाच्या नावाने आल्यागेल्याला भांडं द्यायचं, हे हल्ली शिकलेल्यांना सुचत नाही."

आणि त्यांनी पाणी पिऊन ग्लास विसळला, पुसला, पिशवीत घातला.

तात्यांनी घातला म्हटल्यावर सगळ्यांनी घातला. मी आत्याला हळूच म्हणालो, "एकदोन राहू दे ना घरी."

"गेलेल्या माणसाच्या नावाचं दिलेलं भांडं घरात ठेवतात होय रे, येड्या?" म्हणून तिने राहिलेला एक तिच्या धाकट्याला दिला. तो सगळ्यांच्या आधीच हात धुवायला उठला होता, त्याचा विसरला असता.

खरं सांगायला हवं होतं की नाही? पण कसं सांगू? सांगितलं तर दुकानात न वाचताच "बरोबर" म्हणालो हे निघणार. महिनाभर केलेलं सगळं पाण्यात. म्हणून मी काय केलं? मान हलवली.

आणि मग तात्या म्हणाले, "आता मला घोर नाही. पोरगा शहाणा झाला. हा एकटा राहील नीट. पोरी, उद्या दुपारच्या गाडीने निघू. सामान भर."

घ्या. माझ्या शहाणपणामुळेच माझं घर नांदेडला चाललं.

पंगत उठल्यावर स्वयंपाकघरात वहिनीने मला धरलं. मिनू मागे उभी राहून हत्तीच्या ग्लासातून पाणी पीत होती.

"भावजी, दुकानात चिठ्ठी कुणी वाचली?"

"मी."

"काय लिहिलं होतं?"

मी छताकडे बघितलं.

"तारीख कुणी सांगितली?"

"मी."

"आणि मान?"

"तीही मीच हलवली."

तिने मिनूच्या हातातला ग्लास काढून घेतला. "सकाळी मी येते बरोबर."

सकाळी मी तिला रिक्षाने आबिड्सला नेलं. शेठने आम्हाला बघितलं. माझं तेच डोकं, मागे पदर घेतलेली बाई. तो गल्ल्यावरून उठला, रेडिओ बंद केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अब कौन, भाई?"

वहिनीने पदर तोंडावर घेतला. खांदे हलायला लागले. मी घाबरलो. शेठने स्टूल दिलं, पाणी दिलं. मग कळलं की ती हसतेय. महिन्याभरात पहिल्यांदा. खूप वेळ हसली, मग थोडं रडली, मग नाक पुसून म्हणाली, "कोई नहीं. सब जिंदा हैं. छह ग्लास दो. नाम नक्को."

आम्ही घरी आलो तेव्हा तात्या चप्पल घालून दारात उभे. "सामान भरलं?"

"नाही, तात्या. मी येत नाही."

"का? काल तर आपलं ठरलं. पोरगा समजदार आहे."

"तात्या, ते ग्लास घरासाठी होते. मिनूला दूध प्यायला. भावजींना तेलुगू वाचता येत नाही आणि हे सांगताही येत नाही. यांना एकटं कसं सोडू?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"आणि तारीख?"

"ती यांनीच सांगितली."

महिनाभर मी या माणसाला पटवत होतो की मला सगळं जमतं. दूध, गॅस, तोटी. त्यांना पटलं नाही. मला काहीच जमत नाही हे वहिनीने चार वाक्यांत सांगितलं, आणि लगेच पटलं. त्यांनी वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर आहे तुझं. राहा. याच्यापाशी कुणीतरी हवंच."

मला बरं वाटलं, आणि थोडं लागलंही. म्हणून निदान एवढं तरी करावं म्हणून पिशवी उचलली. म्हटलं, "चला तात्या, स्टेशनला सोडतो. रिक्षा दारातच आहे."

तात्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"नको बाबा. मी बसने जातो. तू मला कुठे पोचवशील, नेम नाही."