मावशीचा अंगठा आणि चार टायर

माझ्या पिकअपच्या टायरांवर एकेकाळी नक्षी होती, हे मी शपथेवर सांगतो. पण ती पाहिलेला साक्षीदार आता कोणी उरलेला नाही. त्या आषाढापर्यंत ते इतके गुळगुळीत झाले होते की मागच्या डाव्या टायरात बघून मी भांग पाडायचो. त्याला ठिगळं तर इतकी लागली होती की पंक्चरवाला शेवटी शेवटी मलाच विचारायचा, "भाऊ, ह्यातला टायर कुठला, तेवढं दाखवा."

धंदा माझा बर्फाचा. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी तो हातगाडीवर सुरू केला, मी पिकअपवर आणला. सकाळी माझगावच्या कारखान्यातून लाद्या भरायच्या, वर लाकडाचा भुसा, त्यावर गोणपाट, आणि लालबाग-परळ करत दादरच्या मासळीबाजारात उतरवायच्या. सोपं काम आहे. अट एकच, वाटेत थांबायचं नाही. भाजीवाल्याची गाडी अडकली तर भाजी कोमेजते. माझी अडकली तर माल स्वतःच उतरतो आणि गटाराने घरी जातो.

त्या बुधवारी ती अडकली. लालबागच्या पुलाखाली मागच्या डाव्या चाकाने मान टाकली. स्टेपनी काढली, तर तिने आधीच टाकलेली. चाक खांद्यावर मारून पंक्चरवाला शोधत फिरलो, त्यात दोन तास गेले. तेवढ्यात पुलाखाली असा गार ओढा वाहायला लागला की समोरच्या चाळीतल्या बायका बादल्या घेऊन उतरल्या, आणि एक आजोबा लेंगा वर करून पाय सोडून बसले. खोटं वाटत असेल तर आजोबांना विचारा, त्यांची सर्दी अजून गेलेली नाही.

दादरला पोचलो तेव्हा माझ्या लाद्यांच्या वड्या झाल्या होत्या. मावशी ओट्यावर उभी होती. मावशी म्हणजे माझी कोणी नव्हे, बाजारातल्या सगळ्यांची. पंचाहत्तरीची कोळीण, वडिलांच्या हातगाडीपासूनची आमची गिऱ्हाईक. तिचा आवाज एवढा की ती ओट्यावरून "सुरमई" म्हणाली की परळची मांजरं रस्ता ओलांडतात. पण त्या दिवशी ती ओरडली नाही, आणि मी तिथेच घाबरलो.

"काय रं," ती हळू म्हणाली, "ह्यो बरफ हाय का कुनाचा घाम?"

"मावशी, पंक्चर—"

"पंक्चर तुजं, सुरमई माजी गेली." तिने टोपलीकडे बोट केलं. ते पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस होते. आपल्या होड्या किनाऱ्यावर, मासा देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून येणार आणि येतो तो फक्त बर्फाच्या जिवावर. टोपलीतल्या सुरमईचे डोळे पांढरे पडले होते. तिने एकेक उचलून बाजूच्या पिंपात टाकली. विकली असती तर खपली असती, पण ती शिळं विकत नाही. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आखाडाचा शेवटचा रविवार आला. म्हायती हाय ना?"

माहीत नसायला काय झालं? श्रावण लागायच्या आधीचा तो रविवार. दादर-परळ-गिरगावची सगळी मंडळी महिनाभराचं त्या एका दिवशी खाऊन घेतात. त्या दिवशी ओट्यावर माल कमी पडतो, वेळ कमी पडतो, आणि सगळ्यात आधी बर्फ कमी पडतो.

"पोरगा बोलतो, आये, बस झालं. ओटा कुनाला तरी दे, घरात बस, टीव्ही बघ. गेल्या महिन्यात दोनदा माल गेला, दोन्ही येळी तुज्या गाडीपायी. मी बोलले, ह्यो रविवार बघू. चांगला गेला तर मी ओट्यावरच बसनार. नाय तर पोरा, त्याच दुपारी ओट्याची चावी तुज्या हातात." ती जरा थांबली. "म्हंजे रं, माजा ओटा तुज्या चाकावर हाय."

मी खूप गोष्टी फुगवून सांगतो, पण हे वाक्य जसंच्या तसं आहे.

"उद्याच टायर बदलतो, मावशी. टायरातलं मला कळतं. मी टायर नुसता वाजवून सांगतो."

"वाजवून?" ती म्हणाली. "मी येते."

गुरुवारी गिऱ्हाईक कमी, दुपारी बाजार सुस्त. ओटा धुऊन ती पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसली, मांडीवर रिकामी पाटी. रस्ता ओला होता. परळच्या सिग्नलला मी ब्रेक मारला, गाडीने तो विचारात घेतला आणि तीन-चार हात पुढे जाऊन अंमलात आणला. मावशीने पाटी घट्ट धरली.

टायरांचं दुकान माझगावच्या अंगाला. बाहेर फुटपाथवर टायरांच्या उतरंडी, आत अंधार आणि रबराचा वास. दुकानदार जाड चष्म्याचा, बोलायला गोड. मला बघताच तो उठला.

"या भाऊ! फॅमिली घेऊन आलात?"

"गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

"मी त्याचा मालक हाय," मावशी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

मी आधीच ठरवून आलो होतो. दोनच टायर घ्यायचे, मागचे. आणि दाराशीच ते मला दिसले. काय टायर होते! रुंद, काळेभोर, असे चमकत होते की त्यांच्यापुढे माझे बूट लाजले. नक्षी इतकी खोल की त्यात पावसाळ्यात भात लावता आला असता. मी जवळ जाऊन बोटाच्या पेरांनी ठकठक केलं, कान लावला, डोळे मिटले. असं केलं की दुकानदार भाव उतरवतो असा माझा अनुभव आहे. निदान अंदाज तरी.

"बोलतोय," मी म्हणालो. "आतून बोलतोय. हेच द्या."

"भाऊंना पारख आहे," दुकानदार म्हणाला. "एकदम फ्रेश माल."

'फ्रेश' म्हटल्याबरोबर मावशी स्टुलावरून उठली. हा शब्द ती आयुष्यभर वापरत आली आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की तिला राहवत नाही.

तिने वाकून टायर बघितला. हात लावला नाही, आधी नुसता बघितला. मग पदराचं टोक ओलं करून त्याच्या पोटावरून फिरवलं. पदर काळा झाला आणि पुसलेल्या जागी टायर एकदम म्हातारा दिसायला लागला.

"मावशी, हात खराब होतील," दुकानदार म्हणाला.

"पन्नास वर्सं खराबच हायेत." तिने अंगठा टायरावर दाबला. ज्या अंगठ्याने तिने आजवर अख्खा अरबी समुद्र दाबून बघितलाय तो हा अंगठा. पापलेट दाबायचं, खड्डा लगेच भरून आला तर घ्यायचं, नाही तर पुढे जायचं. टायर दबलाच नाही. तिने नख रोवलं. नख घसरलं. मग तिने माझ्याकडे मान वळवली, "हे वाकव."

मी दोन्ही हातांनी नक्षीची फट ताणली. आत, तळाशी, बारीक बारीक चिरा दिसल्या. उन्हात सुकलेल्या चिखलाला पडतात तशा.

"बघ," ती म्हणाली. "शिळा. वरून पानी मारून चमकवलाय. आमच्याकडं पन हायेत असं करनारे."

"काय बोलता मावशी! न वापरलेला टायर, शिळा कसा होईल?"

"न खाल्लेला मासा शिळा नाय होत?" तिने विचारलं. "तारीख कुटं हाय? दुधाच्या पिशवीवर असते, औशधावर असते. ह्याच्यावर कुटं हाय? माशावर नसते म्हनून आमाला अंगठा वापरावा लागतो."

दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खाली बसून टायराच्या कडेला एक लांबट गोल दाखवला. आत चार आकडे. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल, असं त्याने जरा खालच्या आवाजात सांगितलं. मी साल वाचलं. टायर सहा वर्षांचा होता. त्या टायराचा जन्म झाला तेव्हा माझी पोरगी सहावीत होती. आता ती कॉलेजात जाते आणि मला अक्कल शिकवते.

"गोडाऊनमध्ये पडून होता," दुकानदार म्हणाला. "हलक्या गाडीला चालेल, भाऊ. तुम्ही बर्फ भरणार, रोज ओझं... खरं सांगू, नाही शोभणार."

"मंग आदी का नाय बोलला?"

"भाऊ बोलले, आतून बोलतोय."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर पाऊस आहे का ते बघायला लागलो. नव्हता.

"आतला माल काढ," मावशी म्हणाली. "पुडच्या पाटीत कुटला ठेवायचा आनि मागच्या पाटीत कुटला, ते मला नको शिकवू. मी पन तेच करते."

दुकानदार हसला. खरंच हसला, आणि त्यानंतर त्यांचं जमलं. त्याने आतून जे टायर काढले ते बघून मी हिरमुसलो. मळकट काळे, चमक नाही, नक्षी साधी सरळ, आणि अंगावर रबराच्या बारीक मिशा उभ्या. पण मावशीने अंगठा दाबला तर रबर जरासं आत गेलं आणि परत आलं. तारीख त्याच वर्षीची, काही आठवड्यांपूर्वीची. कडेला ओझ्याचा आकडा होता. दुकानदाराने तो माझ्या लाद्यांच्या वजनाशी ताडून बघितला आणि मान हलवली.

"दोन द्या," मी म्हणालो.

"पुडचे?" मावशीने विचारलं.

"पुढचे चालतील अजून वर्षभर."

ती बाहेर गेली, पिकअपच्या पुढच्या टायरावर अंगठा ठेवला आणि तिथूनच ओरडली. ह्या वेळी पूर्ण आवाजात. माझगाव डॉकात एखादं जहाज नक्कीच दचकलं असेल. "परळला सिग्नलवर गाडी कुनी थांबवली? तुज्या ब्रेकनं का माज्या देवानं? चार घे!"

मग तिने भाव केला. त्या वेळी मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचं दुःख मला बघवत नाही.

तासाभरात चारही चाकं चढली. जुन्यांपैकी त्यातल्या त्यात माणसात असलेला एक दुकानदाराने निवडला आणि स्टेपनीत टाकला, हवा भरून. मी चार लिंबं आणली होती, चाकांखाली ठेवायला. नवी चाकं फिरवायची तर ते करतातच. मावशीने ती उचलून पाटीत टाकली. "रविवारी कोलंबीला लागतील. चाकाला काय चव कळते?"

परतताना त्याच सिग्नलला मी ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली, इतकी की मागच्या टॅक्सीवाल्याने शिवी दिली. मावशी समाधानाने खिडकीबाहेर बघत बसली.

रविवारी पाऊस असा होता की परळला मी एक बांगडा रस्ता क्रॉस करताना बघितला. लालबागच्या पुलाखाली पाणी साचलेलं, खड्डे त्याच्या आत लपलेले. मी वाटेत कुठेच थांबलो नाही. दादरला गोणपाट उचललं तेव्हा लाद्यांचे कोपरे अजून टोकदार होते. मावशीने एका कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि बर्फ फोडायला घेतला.

दुपारी दीडला तिचा पोरगा आला. चावी घ्यायला आला होता, मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पाट्या सगळ्या रिकाम्या होत्या. ओट्यावर फक्त खवलं आणि बर्फाचा चुरा. त्याने दोन्हीकडे बघितलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि बादली घेऊन आईचा ओटा धुवायला लागला.

मी तिथल्या चार-पाच जणांना सांगत होतो की टायर निवडताना मी कसा कान लावला, आणि दुकानदार कसा घामाघूम झाला. मावशी ऐकत होती. तिने शेवटचा कोयता पुसून ठेवला आणि मग म्हणाली,

"ए कानवाल्या. उद्यापासून श्रावन. दोन लाद्या कमी आन."

"आणि वेळ?"

"रोजची."