वरचं कुलूप आधी

१९८८ साल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, चौथी शिकलेला, वर्ध्याच्या एका कॉलेजात चौकीदार. कॉम्प्युटरच्या खोलीला दोन कुलपं होती. वरच्याची किल्ली माझ्याकडे, खालच्याची स्टोअरकीपर बाबारावकडे. जो आधी उघडेल तो हलका, असं आमचं आम्हीच धरून बसलेलो. रोज सकाळी दोघंही किल्ली मुठीत घेऊन उभे.

कॉम्प्युटर शिकवणारे गावंडे सर वडनेरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. कधी रागावले नाहीत. समोरच्या बाकावर बसून डबा उघडायचे. "चालू द्या तुमचं, काका. मी भाकर खाऊन घेतो."

आतलं मशीन मात्र मधेच गप्प व्हायचं. ते ज्या मूळ प्रोग्रॅमवर चाले, त्यात सरांनी स्वतः भर घातली होती. शेवटी प्राचार्यांनी सुनावलं, "उद्या सकाळी माझ्यासमोर तासभर चाललं पाहिजे. नाही तर मशीनही जाईल आणि तुमची नोकरीही."

त्या दिवशी कॉलेज सुटताना सर हसतच बाहेर आले. "सापडलं, काका!"

"काय झालतं त्याले?"

"फाईलले एक कुलूप, मेमरीतल्या पानांले, म्हणजे माहितीच्या तुकड्यायले, दुसरं. एक काम फाईलचं कुलूप धरून लिहायले बसते, तं पान मेमरीत नाई. मंग पानांच्या कुलपासाठी थांबते. दुसरं काम पानांचं कुलूप धरून पान आणायले निघते, तं पान त्याच फाईलीत. ते फाईलच्या कुलपासाठी थांबते. हातातलं कोणीच सोडत नाई. दोघंही उभेच!"

"कोण येडे आहेत हे?"

सर दाराच्या कुलपांकडे पाहत राहिले. मला जरा उशिरा समजलं.

"मंग दवा काय केली?" मी विचारलं.

"क्रम. सगळ्यायनं आधी फाईलचं, मंग पानांचं. पान आणताना फाईल लागली, तं हातातलं सोडायचं अन् पुन्हा पहिल्यापासून. सोडल्यानं कोणी लहान होत नाई, काका."

सरांना जाऊन वर्षं झाली. हा आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव किल्ली मुठीत घेऊन तयार. प्राचार्य घड्याळ पाहताहेत. सर बाकावर, पण डबा बंद. मी पुढे झालो आणि वरचं कुलूप काढलं.

"काऊन जी, हरले का?" बाबाराव म्हणाला.

"वरचं आधी. क्रम आहे तसा. आता तू खोल."

मशीन तासभर चाललं, कुठं अडलं नाही. प्राचार्य गेल्यावर सरांनी डबा उघडला आणि भाकरीचा पहिला तुकडा माझ्यापुढे धरला.

"बाबारावले द्या आधी," मी म्हणालो.