बाबांचं गाव, आईचं स्टेशन

आधीच सांगून ठेवते, दोन्ही गावांची नावं मी इथे लिहिणार नाही. एकाचं आधी लिहिलं की दुसरं रुसतं, आणि मला दोन्हीकडे जेवायला जायचं असतं. एवढं पुरे की मधून रूळ जातात, रुळांच्या एका अंगाला बाबांचं गाव आणि दुसऱ्या अंगाला आईचं. शहरातल्या इतवारीहून सुटणारी छोटी गाडी त्या रुळांवरून इतकी निवांत चालायची की पुढच्या डब्यातून उतरायचं, बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. मी कधी उतरले नाही. पण सांगताना मीही उतरलेली असते.

दोन गावांना मिळून स्टेशन एकच, आणि त्याच्या पिवळ्या बोर्डावर नाव आईच्या गावाचं. बाबांचं आयुष्यभराचं दुखणं ते एवढंच. बाकी त्यांना काही कमी नव्हतं. तहसीलीत बाबू म्हणून नोकरी झाली, शहरात सक्करदऱ्याला घर झालं, मी आणि दादा आपापल्या पायांवर उभे राहिलो. पण स्वतःच्या घरी जायचं तर तिकीट सासुरवाडीचं काढावं लागे, हे त्यांना कधी पचलं नाही. "जावई माणूस सासरी बोलावल्यावर जाते," ते म्हणायचे, "मी बिनबोलावता दर सणाले उतरून राहिलो तिथं." प्लॅटफॉर्मवर आईच्या गावचं कोणीतरी हमखास भेटायचं आणि "या जावईबापू, आले का आमच्या गावाले" म्हणायचं. तिथून रूळ ओलांडून आपल्या गावात शिरेपर्यंत बाबा तोंडातून शब्द काढत नसत.

नाव तिकडे गेलं कसं, याच्या घरात दोन कहाण्या होत्या. बाबांच्या मते रूळ टाकणाऱ्या साहेबाला तिकडच्या मालगुजाराने, म्हणजे जमीनदाराने, बकरा खिलवला. आईच्या मते इंजिनाला पाणी लागायचं आणि गोड्या पाण्याची विहीर तिच्या गावात होती. "तुमच्या विहिरीचं पाणी पाजलं असतं तर इंजिन तिथंच बसलं असतं," असं ती वर म्हणायची. बकरा की विहीर, यावरून आमच्याकडे कितीतरी जेवणं थंड झाली आहेत. मी लहानपणी दोन्ही कहाण्या खऱ्या धरल्या होत्या. साहेबाने बकरा खाल्ला, मग त्याला तहान लागली, यात मला काहीच विचित्र वाटायचं नाही.

मग छोटी लाईन बंद झाली, कारण रूळ रुंद करायचे होते. जुनं स्टेशन पाडलं, आणि नवी इमारत उभी राहू लागली ती रुळांच्या आमच्या अंगाला, बाबांच्या गावच्या जमिनीवर. ही बातमी बाबांना फोनवर कळली तेव्हा आम्ही धंतोलीच्या दवाखान्यात होतो. हृदयात जाळी बसवल्यानंतरची तपासणी होती. फोन खिशात ठेवून बाबा डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आता मले थोडी वर्षं काढून द्याच. स्टेशन आमच्याकडे आलं." डॉक्टरांना वाटलं मेट्रोचं. त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. बीपी पुन्हा एकदा मोजावं लागलं.

बाहेर आल्यावर रस्त्यावरच, रुग्णांच्या नातेवाइकांच्या गर्दीत, त्यांनी मला जाहीर करून टाकलं. पहिली मोठी गाडी येईल तेव्हा बोर्डावर आपल्या गावाचं नाव पाहिजे. आपण त्या नावाखाली उतरू. एवढं झालं की ते मोकळे. मी म्हटलं, बाबा, मोकळे म्हणजे काय, असं बोलू नका. ते म्हणाले, मोकळे म्हणजे मोकळे, फिरायले मोकळे. इतका खूष माणूस मी धंतोलीत तरी त्याआधी पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून घराचं ऑफिस झालं. बाबांना कागद कुठून निघतो आणि कुठे जाऊन बसतो हे बरोबर माहीत. सकाळी तर्री-पोहे खाता खाता शिकवणी चालायची. "स्टेशनाचं नाव म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. वर्ध्याजवळचं सेवाग्राम आधी वर्धा पूर्व होतं. आपल्या इतवारीच्या पुढं केवढ्या थोर माणसाचं नाव लागलं."

"ऑटोवाला अजून इतवारीच म्हणते," मी म्हटलं.

"ऑटोवाल्याचं सोड. बोर्डावर काय हाये ते सांग."

कुठे थोर माणसाच्या मानाखातर नाव बदलतं, कुठे गोऱ्या साहेबाचं नाव नको म्हणून, कुठे सारख्या नावाची दोन स्टेशनं असली की पार्सल भलतीकडे जातं म्हणून. आमचं कारण यातल्या कशातच बसत नव्हतं. आमचं कारण होतं जावईबापू. पण ते अर्जात लिहिता येईना, म्हणून बाबांनी लिहिलं, इमारत ज्या गावाच्या हद्दीत त्या गावाचं नाव. पुढची वाट लांबलचक. आधी ग्रामसभेचा ठराव, मग तहसील, मग जिल्हा, मग मुंबई, मग दिल्ली. दिल्लीवाले रेल्वेला विचारणार, पोस्टाला विचारणार, नकाशे काढणाऱ्या खात्याला विचारणार, की बाबांनो, तुमची काही हरकत? सगळ्यांनी नाही म्हटलं की मग कुठे बोर्डावर रंग. एवढ्या मोठ्या देशात इतक्या लोकांना आमच्या स्टेशनाबद्दल विचारणार या कल्पनेनेच बाबा तरंगत होते.

आता दुसऱ्या पार्टीकडे वळते. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचा मामा, याचं इतवारीत भांड्यांचं दुकान. त्याने तिकडून मोर्चा बांधला. जुनं नाव राहिलंच पाहिजे. दुकानात कुकर घ्यायला आलेली बाई असो की लग्नाचा आंदण-सेट बघायला आलेलं अख्खं घर असो, मामा आधी स्टेशनाचा विषय काढायचा आणि मग शिट्टीचा. वर बाबांना फोन करून डिवचायचा. "जावईबापू, गावाचं नावच पाहिजे ना? घेऊन या एखादा डब्बा. माह्याकडं नाव टाकायची मशीन हाये, फुकटात टाकून देतो."

बाबांनी त्या दुकानातून भांडं घेणं बंद केलं. दादाच्या घरचं कुकरचं झाकण बसेना, तरी दुसरीकडे दुरुस्त केलं आणि तेही नीट बसलं नाही. भाऊबीजेला मामा आला तेव्हा दोघं एका सोफ्यावर बसून मला मध्ये बसवून बोलले. "याले सांग, विहीर आटली," बाबा म्हणायचे. "त्यायले सांग, बकरा पचला," मामा म्हणायचा. मी सांगायची, त्यांचं आधीच ऐकून झालेलं असायचं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं त्या दिवशी. आई आत करंज्या काढत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

दोन्ही गावांच्या ग्रामसभा एकाच दिवशी ठेवल्या, म्हणजे कोणी इकडून तिकडे जाऊन गोंधळ घालायला नको. सभेला माणसं कमी पडली तर ठराव होत नाही, म्हणून बाबा आठवडाभर आधी गावात जाऊन राहिले आणि घरोघर फिरले. बायकांनाही आणा, एकही घरी राहू देऊ नका. गावातल्या पुरुषांना ही युक्ती फारच आवडली. तिकडे मामानेही नेमकी तीच लढवली होती, हे नंतर कळलं. सभेच्या दिवशी दादाने गाडी काढली आणि मला अन् आईला घेऊन गेला, कारण बाबांनी मतदारयादीत स्वतःचं आणि आईचं नाव गावातच ठेवलं होतं. एक हात वाया जायला नको. आईने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. बाबांनी ते बघून "वा" म्हटलं.

शाळेच्या पटांगणात मांडव, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, आणि बायका जरा जास्तच. बाबांनी भाषण केलं. बकऱ्याचा उल्लेख टाळला, पण बाकी सगळं आलं. टाळ्या पडल्या. मग सरपंच उठले आणि म्हणाले, "ज्यायले स्टेशनाले आपल्या गावाचं नाव पाहिजे, त्यायनं हात वर करा." पुरुषांचे हात झर्रकन वर गेले. बायकांमध्ये चार-दोन पोरींचे, ज्यांची लग्नं अजून व्हायची होती त्यांचे. सरपंचांना वाटलं बायकांना नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेच हात, तेवढेच.

मग त्यांनी विचारलं, जुनंच नाव कोणाले पाहिजे? आणि बायकांची अख्खी बाजू उठली. ज्या सासवा-सुनांचं वरणातल्या मिठावर कधी एकमत झालं नाही त्यांचे हात शेजारी-शेजारी वर. सरपंचांच्या घरच्या बाईंचा हात सगळ्यांत उंच. तेव्हा कुठे गावातल्या शहाण्या पुरुषांच्या डोक्यात उजेड पडला. या गावाने पिढ्यान्‌पिढ्या सुना आणल्या त्या रुळांपलीकडून. रूळ ओलांडला की सोयरीक, लांब कशाला जायचं? सभेला गर्दी व्हावी म्हणून घरोघर फिरून त्यांनी पलीकडचीच माणसं भरली होती. मला हसू आवरेना. मग पहिल्या रांगेत मला जांभळं लुगडं दिसलं आणि आईचा वर गेलेला हात दिसला.

बाबांनाही दिसला. ते माईकसमोरच उभे होते, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. "अवं, तू काहून हात वर केला?"

आई उठून उभी राहिली. तिला माईक लागला नाही.

"स्टेशनाचं नाव बदलायले तुम्हाले दिल्लीपर्यंत विचारा लागते," ती म्हणाली. "पोस्टाले विचारता, नकाशावाल्याले विचारता. माहं नाव बदललं तवा कोणाले विचारलं होतं? ताटात तांदूळ पसरले, तुम्ही अंगठीनं लिवलं, झालं. मले नीट वाचूही नाही दिलं, कोणीतरी ताट उचलून नेलं. मायबाप होते तवरक जुन्या नावानं हाक तरी यायची. भावाले मी नुसती ताई. आता माहेरचं म्हणून एकच नाव राह्यलं, बोर्डावरचं. ते मी नाही बदलू देत."

आमच्याकडे लग्नात नवरीचं आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदलायची रीत होती. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच असतं. पण आईला दुसरं काही नाव होतं हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मागून एक म्हातारी "आमचंबी तसंच" म्हणाली आणि मग सगळीकडून तेच ऐकू येऊ लागलं. सरपंचांनी घसा साफ केला, ठराव पडला, जुनंच नाव पास झालं असं सांगितलं आणि चहा मागवला. माझं हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

परतताना दादा गाडी चालवत होता, बाबा पुढे, मी आणि आई मागे. उमरेड रोडला लागलो तोच मामाचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर टाकला.

"जावईबापू, घात झाला," मामा म्हणाला. "आमच्या सभेत तुमच्या गावाचं नाव पास झालं. तुमच्या पोट्ट्या दिल्या ना आमच्याकडं, त्यायनं सारा डाव उलटवला. माह्या घरचीनं दोन्ही हात वर केले."

मामी बाबांच्या गावची, हे मामाही विसरला होता. दादाला इतकं हसू फुटलं की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी रडत होते की हसत होते ते मलाच ठाऊक नाही. आई पदर तोंडाला लावून हलत होती. म्हणजे आता तहसीलीत दोन ठराव जाणार, आणि प्रत्येक गाव दुसऱ्याचं नाव मागणार. तिथला बाबू ते वाचून काय करेल हे बाबांइतकं कोणाला माहीत असणार?

"मग पुन्हा मांडायचं का पुढच्या सभेत?" मामाने विचारलं.

बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. हसले नव्हते ते एकटेच. मला त्यांची छाती आठवली, जाळी आठवली, धंतोलीतला तो आनंद आठवला आणि फार वाईट वाटलं. मग ते म्हणाले, "राहू दे. बोर्डावर जे हाये तेच राहू दे." आणि फोन बंद केला.

दादाने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. दिघोरीच्या आसपास बाबांनी मागे न वळता कोणाला तरी हाक मारली. एक साधंच, मुलीचं नाव. आमच्या घरात त्या नावाचं कोणी नाही, नात्यात नाही, शेजारी नाही. दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं बाबांना काही होतंय की काय. त्यांनी तेच नाव पुन्हा घेतलं, जरा अडखळत, आणि विचारलं, "पाणी हाये का बाटलीत?"

माझ्या शेजारून आई लगेच "ओ" म्हणाली आणि पिशवीत बाटली शोधू लागली.