हळद लाल होईना

माझ्या मुलीनं चौथीत वर्गात प्रश्न विचारणं बंद केलं. घरी आली की नुसती बसून राहायची. शेवटी आम्ही तिला शाळेतून काढलं आणि मी घरी शिकवू लागले. अमेरिकेतल्या कॅरी गावी आमच्या गॅरेजमध्ये वर्षभर आम्ही बोरू तासले, मातीच्या विटा पाडल्या, बटाट्यावर घड्याळ चालवलं. दहा मिनिटांवर राहणारे माझे सासरे, निवृत्त डॉक्टर, या सगळ्याला ‘लांबलेली सुट्टी’ म्हणत.

शाळेत परत नाव घालायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “मी एक दिवस येऊन बघतो. मग ठरवू.” ठरवू म्हणजे ते ठरवणार. माझा नवरा पंचेचाळिशीतही वडिलांना नाही म्हणत नाही. ते येणार त्या सकाळी मुलीनं न सांगता गॅरेजमधलं टेबल दोनदा पुसलं.

परीक्षक येणार म्हटल्यावर मला चेव आला. जुनी पांढरी चादर फाडून पट्ट्या केल्या, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या. खांद्यावर शाल टाकली आणि जादूगारणीच्या थाटात गरजले, “बाबा, ही पिवळी पट्टी तुमच्या डोळ्यांदेखत लाल होणार!” लहानपणी फ्रॉकवर हळद सांडली की आई साबणाच्या वडीनं घासायची आणि डाग लालभडक व्हायचा. माझं सगळं शास्त्र तेवढ्यावर उभं होतं.

भांड्यांचा साबण लावला. पट्टी पिवळीच. परत लावला. पिवळी.

“छान,” सासरे म्हणाले. “आता मधली सुट्टी का?”

मुलीनं बाटली उलटी करून वाचली. “आई, इट सेज जेंटल ऑन हँड्स.”

खरंच की! आईची वडी हात सोलून काढायची. माझा साबण सज्जन निघाला.

मुलगी आत जाऊन खायचा सोडा घेऊन आली. पट्टी जेमतेम विटकरी झाली. मग ती आजोबांकडे वळली. “आजोबा, याहून स्ट्राँग काय असतं?”

“चुना,” ते सवयीनं बोलून गेले. “हळदीला चुना लावूनच कुंकू करतात.”

“आपल्याकडे आहे?”

“नाही गं,” मी म्हणाले. तिचा चेहरा पडला.

सासऱ्यांनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग चष्म्याचं घर उघडून अस्तराखालून एक छोटी ट्यूब काढली. पानाला लावायचा चुना! आणि हा माणूस कोण, तर ज्यानं माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला तोंडातला विडा थुंकायला लावला होता!

“एक अक्षर बोलू नकोस,” ते मला म्हणाले. मी कुठली बोलते? शाल तोंडात कोंबली होती.

त्यांनी नातीला हातमोजे घालायला लावले आणि काडीनं चुना लावायला शिकवलं. पट्टीवर लाल रेघ उमटली.

“लिंबू पिळलं तर? विल इट गो बॅक?”

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असलेल्या माणसानं पट्टीच तिच्यापुढे सरकवली. “पिळून बघ.”

रेघ परत पिवळी झाली. मग व्हिनेगर लावलं तर? ताक लावलं तर? आजोबांनी बाह्या वर सारल्या.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा ऑफिसमधून फोन आला. सासऱ्यांनी तो कोपरानं स्पीकरवर घेतला.

“बाबा, काय ठरलं?”

“काही फॉर्म-बिर्म भरू नकोस यंदा. आणि येताना लिंबं आण. फोन ठेव आता, मला पट्टी धरायचीय.”