दाजींच्या शिव्या

आमचे दाजी मुंजाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर गोऱ्हे शिकवत आले. पिंगळी स्टेशनापासून दीड कोसावर त्यांचं गाव. आसपासच्या दहा गावांत कुणाचा गोऱ्हा जुवाला लावायचा झाला की तो दाजींच्या दारात यायचा. त्यांच्या हातात चाबूक मी कधी पाहिला नाही. गोऱ्ह्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवर तळहात ठेवायचा आणि नुसतं उभं राहायचं. जनावराचा श्वास संथ झाला की मगच जू दाखवायचं. तोंडानं सारखं चाललेलं असायचं, "हां माझ्या लेका, घाबरू नको. मी हाय की." मी पूर्णेला रेल्वेत सांधेवाला होतो, रुळांचे सांधे बदलणारा. आमच्याकडे सगळा कारभार शिट्टीवर आणि शिवीवर चालायचा, त्यामुळे मला हे जनावराचे लाड जरा अतीच वाटायचे.

एवढा गोड माणूस स्वतःशी मात्र जहर बोलायचा. पाण्याचा तांब्या लवंडला, "गाढवा!" कासऱ्याची गाठ सैल राहिली, "मुंजा, अक्कल हाय का तुला? मुर्दाड!" ही त्यांच्या वडिलांची भाषा. म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण त्याचं राहिलेलं काम दाजींनी इमानानं पुढे चालवलं होतं. आम्ही आपले हसायचो.

हसणं थांबलं ते किशनरावांच्या गोऱ्ह्यापासून. जुवाच्या टोकाला जनावराची मान अडकवायला लाकडी खुंटी असते, तिला शिवळ म्हणतात. त्या दिवशी दाजींनी घाईत चिरलेली शिवळ घातली. ती मोडली, गोऱ्हा उधळला आणि ओढ्याच्या दरडीवरून खाली गेला. त्याचा पुढचा पाय कायमचा गेला. किशनराव एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, कारण त्यांच्या वाटचं सगळं दाजीच बोलू लागले. जेवताना, चालताना, सकाळी तोंड धुताना, "मुंजा, तुझ्या हाती जनावर देणाराच येडा." वर्षभर त्यांनी एकही गोऱ्हा घेतला नाही.

मग ते साल आलं ज्या साली ऐन दिवाळीत आमचा जिल्हा हैदराबादेतून सुटून मुंबई राज्यात गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भावकीतली दैवशाला चांद्या नावाचा गोऱ्हा घेऊन दारात उभी राहिली. तिचा नवरा उन्हाळ्यात वारला होता. घरी एक म्हातारा बैल आणि हा घरच्या गाईचा गोऱ्हा, कपाळावर पांढरा ठिपका. दसऱ्यानंतर ज्वारी पेरायची होती. तोवर चांद्या जुवाला लागला नाही तर तिचं रान दीर कसायला घेणार, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. एकदा दिराच्या ताब्यात गेलेलं रान विधवेला परत मिळत नाही, हेही माहीत होतं.

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बाई," दाजी म्हणाले. "दुसरा कोणी बघ."

"हुतंय," माझी आक्का घरातून बाहेर येत म्हणाली आणि तिनं चांद्याचं दावं स्वतःच खुंट्याला बांधलं.

पंधरा दिवस झाले तरी काही जमेना. मी सुटीच्या दिवशी गेलो तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. जू मानेपाशी येईपर्यंत चांद्या अगदी गरीब. जू टेकलं रे टेकलं की कान मागे, शेपूट वर आणि एकच झेप.

"दाजी, हे जनावरच खोटं हाय," मी म्हणालो. "दोन चाबूक वढा."

आक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान बिडी पेटवली. बांधावर दैवशाला बसली होती. ती रोज यायची, न बोलता बघायची. त्या दिवशी मात्र ती उठून आली.

"दादा, राग धरू नका, पण तुमी माझ्या गोऱ्ह्याला शिव्या द्यायलाव."

"म्या?" दाजी हबकले. "जन्मात जनावराला शिवी दिली न्हाई म्या. देतो ती सोताला देतो."

"ते त्याला कसं कळावं? त्याला निस्ता आवाज कळतो. जू टेकलं की तुमच्या तोंडातून गाढवा, मुर्दाड, असं निघायलंय. मग त्यानं उधळू न्हाई तर काय करावं?"

दाजींनी जू उचलून बाजूला ठेवलं. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्या शिव्या ऐकत होतो. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्या तर मुळीच नाही. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तोंडात सुपारी धरली. शब्द म्हणून काढायचा नाही. चांद्या तरी उधळलाच.

"शिवी तोंडातून न्हाई निघाली, पण हातात उतरली," त्यांनी आक्काला सांगितलं. "हात कडक झाला. त्याला तेबी कळलं."

"मग चांद्याला करताव तेच सोताला करा की," आक्का म्हणाली. "आधी दम बघा. मग गोड बोला."

दाजी लाजले. चाळिशी उलटलेला माणूस, पण खरंच लाजले. पुढच्या सुटीला मी गेलो तर एक हात चांद्याच्या गळ्याखाली, दुसरा स्वतःच्या छातीवर, आणि दोघांचा श्वास संथ होण्याची वाट बघत उभे. शिवी यायची तेव्हा आधी गळा आवळून यायचा, असं ते मला सांगत होते. गळा आवळला की ओळखायचं, आली. तिला हाकलायचं नाही, मुसकंही बांधायचं नाही. एक श्वास घ्यायचा आणि तिच्या जागी दुसरं काही बोलायचं. पण दुसरं काय, इथेच गाडी अडायची. "मुंजा…" म्हणून थांबायचे. एकदा "मुंजा, बरा हायस तू" एवढं निघालं आणि मी फिस्सकन हसलो. दाजीही हसले. दिवसातून वीस वेळा जुनंच तोंडात यायचं, पण हात मऊ पडत चालला होता. दसऱ्याच्या आधी चांद्या ओढ्याच्या वाळूत ओंडका ओढू लागला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी दैवशालाच्या रानात तिफण उभी राहिली. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. म्हातारा बैल एका बाजूला, चांद्या दुसऱ्या. मागे दैवशाला, बी सोडायला चाड्यावर मूठ धरून. बांधावर तिचा दीर आला होता आणि तो मदतीला आला नव्हता.

आठ-दहा तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, नीट गेली. मग वळणावर दाजींनी कासरा जास्त ओढला. चांद्याचा पाय दोरीत अडकला, जू कलंडलं आणि शिवळ सटकून ढेकळांत पडली. दैवशालाची मूठ थांबली. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांना किशनरावांचा गोऱ्हा दिसत असणार, मलाही दिसत होता. चांद्याचे कान मागे गेले. दाजींचं तोंड उघडलं आणि मी मनात म्हटलं, संपलं सगळं.

दाजींनी छातीवर हात ठेवला. एक श्वास घेतला. आणि मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कासरा जास्त वढलास, मुंजा. हुतंय असं. घाबरू नको माझ्या लेका. मी हाय की."

चांद्याचे कान पुढे आले. तो जागचा हलला नाही. दाजींनी वाकून त्याचा पाय सोडवला, शिवळ उचलली, पुसली आणि जागेवर बसवली. दिवस मावळायच्या आत रान पेरून झालं. दीर मधेच कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही.

पुढच्या पोळ्याला किशनराव नवा गोऱ्हा घेऊन दाजींच्या दारात आले. पण मला जास्त आठवते ती पेरणीच्या दिवशीची संध्याकाळ. घरी आल्यावर मी आक्काला रानात घडलेलं सांगितलं, दाजी काय बोलले ते शब्दाला शब्द. "मामंजींनी ह्यांना एकडाव बी 'लेका' म्हणलं न्हाई रे," ती म्हणाली. "वाट बघून बघून ह्यांनी ते सगळं 'लेका' गोऱ्ह्यांनाच वाटून टाकलं."

इतक्यात ओसरीवर पाय धुताना दाजींच्या हातून तांब्या सुटला. सगळं पाणी अंगणात गेलं. आम्ही दोघं सवयीनं कान देऊन बसलो.

"असू दे, मुंजा," बाहेरून आवाज आला. "दमलायस तू."

आक्का तोंडाला पदर लावून रडली. माझेही डोळे भरून आले, आणि तिच्यासमोर रडायला नको म्हणून मी उठलो आणि दाजींसाठी दुसरा तांब्या भरून नेला.