जिल्हा सचिवांची फक्की

दुसऱ्यांची तब्येत सांभाळण्यासाठी त्यांनाच इतका त्रास देणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. शहाद्यात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. हातगाडीवर रबरी चेंडू विकण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे माणसं बरीच पाहिली. पण हा नमुना एकच. हे सर शाळेत मला शारीरिक शिक्षण शिकवायला होते, आता निवृत्त आहेत. देशभरातल्या शारीरिक शिक्षण शिक्षकांची एक मोठी संघटना आहे, तिचे ते आमच्या नंदुरबारचे जिल्हा सचिव. गेली कित्येक वर्षं तेच आहेत, कारण दुसरं कोणी ते पद घ्यायला तयार नाही. माझं आणि त्यांचं जुनं भांडण आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द आले तर ते घासाघीस करून मिळालेले समजा.

नववीत असताना शाळेचा कबड्डीचा संघ निवडला गेला. चढाई करण्यात माझा हात धरणारा शाळेत कोणी नव्हता, असं माझं प्रामाणिक मत होतं. यादी लागली आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. मी तावातावाने विचारायला गेलो, तर सरांनी माझ्या हातात फक्कीची पिशवी दिली. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. दोन वर्षं बाकीची पोरं बक्षिसं घेऊन फिरली आणि मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन घरी जात राहिलो. कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. राग मात्र जपून ठेवला. माझ्या दुकानातल्या कुठल्याच मालाची मी इतकी काळजी घेतलेली नाही.

सर दुकानात रोज येतात आणि काहीही विकत घेत नाहीत. तेही चाललं असतं, पण ते दुसऱ्यालाही घेऊ देत नाहीत. एकदा जवळच्या कळसाडी गावचा एक ऊसवाला शेतकरी आपल्या लेकासाठी सगळ्यात भारी बॅट घ्यायला आला होता. मी भावावर अडून बसलो होतो, तोही बसला होता, आणि सौदा अगदी जमायला आलेला. तेवढ्यात सरांनी पोराच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली आणि म्हणाले, "ह्याला बॅट नको. ह्याला झोप पाहिजे." ऊसवाला पोराला घेऊन घरी गेला. मी सरांना दुकानातून निघायला सांगितलं. ते निघाले, पण जाताना मला दहा दीर्घ श्वास घ्यायला लावून गेले, कारण माझा रक्तदाब वाढल्याचं त्यांना माझ्या कानांच्या रंगावरून कळलं होतं.

गळ्यात शिट्टी कायम. लग्नाच्या पंगतीतही. आमच्याकडे वरण-बट्टीच्या पंगतीला बसलेला माणूस बट्ट्या मोजत नसतो, पण सर मोजतात. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी सहावी बट्टी तुपात बुडवली आणि सरांनी शिट्टी वाजवली. वाढपी जागच्या जागी थांबले, बँडवाल्यांनी वाजवणं बंद केलं, आणि मामांनी बट्टी परत ताटात ठेवली. ते लग्न लोक अजून नवरा-नवरीवरून नाही, त्या शिट्टीवरून ओळखतात. सांत्वनाला गेले तरी हेच. कुणाचे वडील गेले तर सर जवळ बसतात, हात हातात घेतात आणि हळूच विचारतात, "वडील सकाळी चालायला जायचे का?" नाही म्हणावं तर वडिलांचीच चूक ठरते, हो म्हणावं तर सर चमत्कारिक नजरेने बघतात.

संघटनेतून पत्रक आलं की ते त्यांना वेदवाक्य. एका वर्षी 'रोज चाला' अशी मोहीम होती. सर तळोद्याला गेले आणि तिथून वर सातपुड्यातल्या एका पाड्यावर निघाले. चालण्याच्या मोहिमेला जीपने कसं जायचं, म्हणून पायी. निम्म्या वाटेत पायाला फोड आले आणि शेवटी जीपच्या टपावर बसून पोचावं लागलं. तिथे त्यांनी चालण्याच्या फायद्यांवर तासभर भाषण दिलं. ऐकायला जमलेली मंडळी दोन डोंगर उतरून आली होती, निम्म्यांच्या डोक्यावर लाकडाच्या मोळ्या होत्या. आश्रमशाळेचे मास्तर तिथल्या पावरी बोलीत सगळं सांगत होते. भाषण संपल्यावर एका म्हातारीने मास्तरांमार्फत चौकशी केली, की ह्या बाबाला नेमका काय आजार आहे आणि डॉक्टरने त्याला किती दिवस चालायला सांगितलं आहे. सरांनी हा प्रश्न वार्षिक अहवालात 'श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' या मथळ्याखाली घातला.

तर अशा माणसाला गेल्या हिवाळ्यात संघटनेच्या वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक उरलेत किती, जो निवृत्त होतो त्याच्या जागी दुसरा येत नाही, खेळाचा तास गणितवाले घेऊन टाकतात. शाखा नुसती कागदावर आहे असं दिसतं, म्हणून एक निरीक्षक येऊन कार्यक्रम पाहतील. समाधान झालं नाही तर शाखा शेजारच्या जिल्ह्यात विलीन करू. सर त्या दिवशी दुकानात आले आणि कोणालाच काही शिकवलं नाही. एका गिऱ्हाइकाने तीन बॅटी नेल्या, तरी गप्प. मला ते बरं वाटायला हवं होतं.

जाताना दारात थांबून अहिराणीत म्हणाले, "कळसाडीच्या शाळेत कार्यक्रम शे. मैदान तूच आखजो, भो."

इतक्या वर्षांनी पुन्हा फक्की. मला असा राग आला की समोरच्या चहावाल्याने मान वर करून पाहिलं. मी सरळ नाही म्हणालो. मग म्हणालो, आखीन, पण कार्यक्रमात मला खुर्ची पाहिजे, पहिल्या रांगेत. सरांनी तिसऱ्या रांगेत देऊ केली. दुसरीवर सौदा पटला.

पहाटे कळसाडीला गेलो. खुंट्या, सुतळी, टेप. टेपचं एक टोक सरांनी धरलं, दुसरं मी. चारी बाजू आखून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजले, बोटभर फरक आला. कोणाला दिसणारही नव्हता. मी सगळ्या खुंट्या उपटून पुन्हा सुरुवात केली. सरांनी टेपचं टोक पुन्हा धरलं.

कार्यक्रम म्हणावा तर झाला. सरपंच सूर्यनमस्कार घालायला खाली गेले ते वर आलेच नाहीत, दोघांनी उचलले. पण तळोद्याहून आलेल्या आश्रमशाळेच्या मुलींनी कबड्डीत असा खेळ केला की निरीक्षक खुर्ची सोडून उभे राहिले. सामना संपल्यावर ते मैदानात उतरले, बोनस रेषेपाशी उकिडवे बसले, टेप मागवून स्वतः मोजलं आणि विचारलं, "हे कोणी आखलं?"

"माझा विद्यार्थी आहे," सर म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत छाती फुगवली. "याला मी संघात घेतला नव्हता. बाद झाला तरी बाहेर जायचा नाही, पंचाशी घासाघीस करत बसायचा. एका गुणाचे दोन करा म्हणायचा."

माझे कान तापले. एवढ्या लोकांसमोर. मी उठणार होतो.

"पण रेघेशी त्याने कधी घासाघीस केली नाही," सर म्हणाले आणि पुढच्या खेळासाठी शिट्टी वाजवली.

शाखा राहिली. पत्र सरांनी दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं. माझी दोन गिऱ्हाइकं पळाली, मी त्यांना जाऊ दिलं. आता महिन्यातून एकदा आम्ही दोघं कळसाडीचं मैदान आखतो. सरांचा हात अलीकडे थरथरतो. ते टेपच्या त्या टोकाला उभे असतात आणि ती थरथर पट्टीवरून सरकत माझ्या बोटांपर्यंत येते. परवा मी माझं टोक जरा सैल सोडलं, त्यांना ओढ लागू नये म्हणून.

सरांनी मान वर केली नाही. "ढिली शे," म्हणाले. "ताण."

मी ताणली.