आबासाहेबांच्या मोटारीचा खटका

मिरजगावच्या सडकेला कारभारी नावाचा मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचा आणि त्याला लागूनच माझं चहाचं दुकान होतं. माणूस भला, पण नको इतका भला. अशा माणसांचा मला राग येतो. त्याचाही यायचा.

लढाईची वर्षं होती. मोटारीचा साधा खिळा मिळायची मारामार. गावचे बडे बागाईतदार आबासाहेब, त्यांची मोटार तर तेव्हाच म्हातारी झालेली आणि तिच्या दिव्यांचा खटका पार झिजलेला. नवा आणायचा कुठून? कारभारीने घरातला पितळी तांब्या कापला, कानशीने घासून पट्ट्या केल्या आणि खटका स्वतःच बनवला. तांब्यापायी बायकोने अबोला धरला, पण दिवे लख्ख लागले. मग हा गडी चहाला येईल त्याला तेच सांगत बसायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले.

पुढे दिवे दगा देऊ लागले. कारभारीने खटका उघडला, आत तांबूस चिकटा दिसला. सडकेची धूळ असेल म्हणून त्याने तो पुसून टाकला. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पुसला. मग एका तिन्हीसांजेला दिवे गेले, मोटार ओढ्यात उतरली आणि आबासाहेबांचा हात मोडला.

बाजारच्या दिवशी ते हात गळ्यात बांधून आले. "आज चूक कुनाची त्ये कळू द्या," ते म्हणाले. "पुंजारामची असंल तर आजपास्नं त्यो माझा डायव्हर न्हाई." आणि माझ्या बाकावर जाऊन बसले. पुंजारामला मोटार चालवण्याखेरीज काही येत नव्हतं. त्याची बायको बनुबाई काळजीने त्याच्याबरोबरच आली होती.

मी पलीकडे कारभारीकडे चहा घेऊन गेलो तेव्हा त्याने खटका नुकताच उघडला होता. बनुबाई रडवेली होऊन म्हणाली, "भावजी, काय करावं वो? म्या तर रोज गाडी निघायच्या आदी खटक्याला वलं हळदीकुंकू लावते. दिवा तिथनंच लागतो न्हवं? आता तर दोन येळा लावते, तरी ह्ये असं!"

कारभारीचा हात थांबला. ओलं कुंकू फटीतून आत उतरत होतं आणि पट्ट्यांवर वाळून बसत होतं. दिवे गेले की ती बिचारी आणखी लावायची. पुंजारामच्या तोंडचं पाणी पळालं.

"वैनी," कारभारी हळूच म्हणाला, "उजेड पुढच्या दिव्यातनं पडतो. कुंकू त्याच्या कडंला लावत जा. खटक्याला नगं."

बनुबाईला ते पटलं. तेवढ्यात आबासाहेब उठून आले.

"बोल. कुनाची चूक?"

मी तोंड उघडणार होतो, पण कारभारीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच बसलो.

"माझी, मालक. पट्ट्या कच्च्या व्हत्या. पुंजारामचं काय बी न्हाई."

आबासाहेबांनी भर बाजारात त्याची लाज काढली. दिवे पुन्हा कधी गेले नाहीत, पण मोटार नगरच्या मिस्त्रीकडे जाऊ लागली आणि श्रेय त्या मिस्त्रीला मिळालं. आबासाहेबांच्या मागोमाग बाकीच्या मोटारीही गेल्या. वर्षभरात कारभारी सायकलींची पंक्चरं काढू लागला.

एका बाजारच्या दिवशी पुंजाराम आणि बनुबाई समोरून चालले होते. ती थांबली.

"भावजी, राग मानू नगा. पर तुमच्या कच्च्या कामापायी आमची भाकरी जात व्हती. आता तरी काम नीट शिकून घ्या."

मी पुंजारामकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल असं मला वाटलं. तो पायातल्या वहाणांकडे बघत उभा राहिला.

"व्हय वैनी," कारभारी म्हणाला आणि चाकात हवा भरू लागला.